पेठ आणि पार्सल

सातारच्या राजपथावरून किंवा सांगलीच्या हरभट रोडवरून आज दिवसां जाणाऱ्यास एक दृश्य हटकून दिसतें. पाठीवर भलीमोठी पिशवी अडकविलेला एखादा तरुण मोटारसायकल थांबवितो, मोबाईलमध्यें पत्ता पाहतो, आणि दोहों बाजूंस दुकानें ओळीनें उघडीं असतां त्यांच्याकडे न बघतां माडीवर चढून एक पुडकें देऊन येतो. त्या पुडक्यांत कधीं चपला असतात, कधीं पातेलें, कधीं साडी. खालच्या दुकानांतही याच वस्तु मांडलेल्या असतात. दुकानदार गादीवरून हें सारें पाहतो आणि काय समजावयाचें तें समजतो. या देवघेवीस ऑनलाइन खरेदी म्हणतात व ती एकविसाव्या शतकाची निर्मिति आहे, असा सार्वत्रिक समज आहे. यंत्रापुरता तो खरा आहे. व्यवहारापुरता मात्र नाहीं. न पाहिलेला माल पत्रानें मागवावा, तो घरपोंच यावा आणि दारांत रोख पैसे मोजून तो सोडवून घ्यावा, ही रीत या मुलखांत पणजोबांच्या काळापासूनची आहे. त्या वेळीं सांगली हा जिल्हाही नव्हता. १९४९ सालीं संस्थानें विलीन झाल्यावर उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि दक्षिण सातारा १९६० सालीं सांगली या नांवानें ओळखला जाऊं लागला. तेव्हां या दोन गांवांच्या बाजारांचा विचार एकत्र करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

विचार करावयाचा तो असा. घरबसल्या माल मिळण्याची सोय इतकीं वर्षें असूनही पेठ मोडली नाहीं. आणि पेठ हाकेच्या अंतरावर असूनही पार्सल थांबलें नाहीं. हें कसें झालें? केवळ सोयीगैरसोयीच्या हिशेबानें याचा उलगडा होत नाहीं. माल वाईट निघाला तर नुकसान कोणीं सोसावयाचें, या एका प्रश्नाभोंवतीं हा सारा इतिहास फिरत आला आहे.

प्रथम पेठ पाहूं. सातारा शहर शाहू छत्रपतींच्या कारकीर्दींत वाढलें आणि त्याच्या कांहीं पेठांना वारांचीं नांवें मिळालीं. सांगलीस चिंतामणराव पटवर्धन यांनीं १८०१ सालीं मिरजेहून विभक्त होऊन आपली गादी स्थापिली. त्यानंतर तेथें गणपति पेठ व वखारभाग भरभराटीस आले. या पेठांतील खरेदी हें एकट्यादुकट्याचें काम क्वचितच असे. लग्नाचा बस्ता बांधावयाचा झाला म्हणजे आसपासच्या गांवांहून गाड्या जुंपून मंडळी निघत. साताऱ्यास त्या खण आळीकडे वळत. दुकानदार "या पाटील, बसा, दमून आला असाल," म्हणून आधीं पाणी व मग चहा देई; भावाची गोष्ट मागाहून. लुगड्यांच्या घड्यांमागून घड्या मोडल्या जात. घरांतील वडीलधारी बाई काठ चिमटींत धरून चोळून पाही, पदर दारापाशीं उजेडांत नेई, बोट ओलें करून रंग उतरतो कीं काय याची खात्री करून घेई. सांगितलेला भाव हा बोलण्याचा आरंभ असे. घासाघीस करणें हा अपमान नव्हता. न करणाऱ्याकडे मात्र दुकानदार जरा संशयानेंच पाही. वरपक्ष व वधूपक्ष दोन्ही तेथें हजर असल्यामुळें मानपानाचें लुगडें हलकें निघालें असें पुढें कोणास म्हणतां येत नसे. आणि पहिल्या धुण्यास रंग गेलाच, तर दोष निवडणाऱ्या डोळ्यांचा. दुकानदारास चार शब्द ऐकविले जात, परंतु लुगडें परत होत नसे.

हीच पारख घाऊक बाजारांत अधिक कडक होती. सांगलीची हळद देशभर प्रसिद्ध आहे. २०१८ सालीं तिला भौगोलिक मानांकनही मिळालें. हळदीचा सौदा निघतो तेव्हां ढिगांपुढें खरेदीदार उभे राहतात. हळकुंड मोडून आंतला रंग पाहतात. चांगलें शिजलेलें व सुकलेलें हळकुंड मोडतांना टणक, धातूसारखा आवाज करतें. तो आवाज ऐकून ओलाव्याचा अंदाज बांधला जातो. मग अडत्या बोली पुकारतो. सांगलीजवळ कृष्णा व वारणा यांच्या संगमावर हरिपूर आहे. तेथें जमिनींत खोदलेल्या पेवांत ही हळद वर्षानुवर्षें सुरक्षित ठेवीत. तोंड अरुंद, पोट मोठें, आणि वरून माती लिंपलेली. २००५ च्या महापुरांत पाणी शिरून त्यांतील बहुतेक पेवें निकामी झालीं. येथें एक मौज नमूद करण्यासारखी आहे. ज्या सांगलींत हळकुंड मोडल्यावांचून कोणी भाव बोलत नसे, त्याच सांगलींत जमिनींतून अजून निघावयाच्या हळदीचे वायदेही चालत. म्हणजे न पाहिलेल्या मालाची खरेदी व्यापाऱ्यांना मुळींच अपरिचित नव्हती. फरक एवढाच कीं, वायदा करणारे दोघेही एकाच बाजारांतले, एकमेकांची पत जाणणारे असत. शब्द फिरविणाऱ्यास दुसऱ्या दिवशीं त्याच रस्त्यानें जावें लागे.

गुरांच्या बाजारांत तर डोळ्यांवांचून गतिच नाहीं. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या किंवा पुसेगांवच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेंत खिलार बैल घेणारा शेतकरी आधीं दांत पाही, मग खूर, मग चाल. त्याला दहा पावलें चालवून, जमल्यास औताला जुंपून पाही. जुन्या रिवाजाप्रमाणें भाव तोंडानें न बोलतां रुमालाखालीं बोटें दाबून ठरे, म्हणजे भोंवतीं जमलेल्यांस आंकडा कळूं नये. बैल कोणी पत्रानें मागवीत नाहीं.

इतकें वर्णन वाचून पेठ म्हणजे केवळ आपुलकीचें माहेर असें कोणास वाटेल, तर तें अर्धसत्य ठरेल. पेठेंतला वाणी उधार देई हें खरें. कुटुंबाचें खातें त्याच्या वहींत असे. सुगी झाली किंवा पगार झाला कीं तें चुकतें होई. घरांत आजारपण आलें, पाऊस लांबला, तरी डाळतांदूळ अडत नसे. पण त्या उधारीचें व्याज भावांत मुरलेलें असे, आणि दुकान व सावकारी हीं अनेकदां एकाच गादीवर बसत. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांतून व दुकानांतून कर्जाचीं खतें काढून जाळलीं, हा दंगा इतिहासांत प्रसिद्ध आहे. त्याची एक झळ तेव्हांच्या सातारा जिल्ह्यांतील कुकरूड या गांवींही पोंचली. हें गांव आज सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यांत आहे. त्यानंतर १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं जो खास कायदा झाला, तो पुणें, नगर, सोलापूर व सातारा या चार जिल्ह्यांना लागू करण्यांत आला. वहीनें माणसें तारलीं, तशींच बुडविलींही.

आणखी एक गोष्ट जुन्या आठवणी सांगतांना सहसा वगळली जाते. माल हातांत घेऊन पारखण्याचा जो अधिकार वर सांगितला, तो पेठेंत सर्वांस नव्हता. अस्पृश्य मानलेल्या गिऱ्हाइकास ओट्याखालीं उभें राहावें लागे. पैसे दुरून ठेवावयाचे आणि वरून टाकलेला माल झेलावयाचा. त्यानें लुगड्याचा काठ चोळून पाहणें कोठलें? डॉ. आंबेडकर यांचें बालपण साताऱ्यास गेलें. गांवांत न्हावी पुष्कळ होते, पण एकही केस कापावयास तयार नसे, म्हणून तें काम थोरली बहीणच करी, असें त्यांनीं स्वतः लिहून ठेवलें आहे. पेठ माणूस ओळखते, ही तिची थोरवी सांगणाऱ्यांनीं, ती त्याला कशाकशानें ओळखत असे, हेंही सांगितलें पाहिजे.

घरपोंच माल म्हटला तर तोही जुनाच. कासार बांगड्यांची माळ घेऊन अंगणांत बसे, बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडें देई, कल्हईवाला व पिंजारी आळींतून हांक देत जात. ज्या काळीं प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनीं बाजारांत हिंडणें रूढीस मान्य नव्हतें, त्या काळीं बाजारच त्यांच्या दारीं येई. परंतु तेथें माल आणि विकणारा दोघेही समोर असत. बांगडी हातांत चढली नाहीं तर दुसरी. पार्सलाचें निराळेपण असें कीं, त्यांत विकणारा दिसत नाहीं आणि पैसे देईपर्यंत मालही दिसत नाहीं.

हें पार्सल आलें टपालाच्या मार्गानें. १८५४ सालीं सर्व हिंदुस्थानांत टपालाचा एकच अर्ध्या आण्याचा दर झाला. १८७९ सालीं पैशाचें कार्ड निघालें. त्यापूर्वीं, १८७७ सालीं, टपालखात्यानें व्हॅल्यू पेएबल या नांवाची एक योजना सुरू केली. मराठींत तिला व्ही. पी. असेंच नांव पडलें आणि 'व्ही. पी. केली', 'व्ही. पी. सोडविली', 'व्ही. पी. परत गेली' असे तिचे वाक्प्रचारही झाले. तिची रचना मोठी चतुर होती. मुंबईपुण्याचा दुकानदार अनोळखी गिऱ्हाइकास उधार माल पाठविण्यास धजत नसे. साताऱ्याचा गृहस्थ अनोळखी दुकानदारास आगाऊ पैसे पाठविण्यास धजत नसे. या दोन अविश्वासांच्या मध्यें सरकारनें आपला पोस्टमन उभा केला. पार्सल त्याच्या हातीं, पैसेही त्याच्याच हातीं. गिऱ्हाइकानें रक्कम दिली कीं पुडकें मिळे व रक्कम मागाहून दुकानदारास पोंचती होई. १८८० सालीं मनिऑर्डरीचें काम टपालखात्याकडे आलें, तेव्हां या व्यवहारास आणखी सुरळीतपणा आला.

रेल्वेनेंही हातभार लावला. पुण्याहून मिरजेकडे जाणारा मार्ग १८८० नंतरच्या दशकांत झाला. सांगली शहरास मिरजेहून फांटा मिळाला तो १९०७ सालीं. साताऱ्याचें मात्र दैव असें कीं, रेल्वे शहरास टाळून गेली. 'सातारा रोड' या नांवांतच स्टेशन गांवांत नसल्याची कबुली आहे. तेथून पुढें टांगा, गाडी, नाहीं तर मोटार. तरीही पार्सलें येत राहिलीं.

व्ही. पी. नें काय आलें, हें पाहण्यासारखें आहे. पुस्तकें आलीं, औषधें आलीं, घड्याळें, कंदील, सुगंधी तेलें आलीं. पुस्तकाची एक प्रत दुसऱ्या प्रतीसारखीच असते. ती चोळून पाहावी लागत नाहीं. औषधाच्या बाटलीवर कारखान्याचें नांव असतें. जें नगास नग सारखें होतें तें पत्रानें मागविण्यासारखें झालें, आणि ज्याचा प्रत्येक नग निराळा तें पेठेंतच राहिलें. मासिकांची वर्गणीही व्ही. पी. नेंच वसूल होई. वर्ष संपलें कीं संपादक पुढील वर्षाचा पहिला अंक व्ही. पी. नें धाडीत आणि कित्येक वाचक, वर्षभर अंक आवडीनें वाचूनही, ती परत करीत. टपालहशील मग संपादकाच्या माथीं. जुनीं मासिकें चाळणाऱ्यास या विषयावरील संपादकीय विनवण्या पदोपदीं आढळतील.

परंतु या योजनेंत एक मोठी उणीव होती, आणि ती लोकांच्या लवकरच ध्यानांत आली. पैसे आधीं द्यावयाचे व पुडकें मग फोडावयाचें. पोस्टमन माल पोंचल्याची हमी देई. आंत काय आहे याची नव्हे. मग चकचकीत जाहिरातीस भुलून घड्याळ मागवावें आणि खेळणें निघावें, असे प्रकार होऊं लागले. न मागविलेलीं पार्सलें पाठवून घरांतील भोळ्या माणसांकडून पैसे उपटण्याची युक्तीही कांहींनीं काढली. हें सरकारला ठाऊक होतें याचा पुरावा कायद्यांतच आहे. १८९८ च्या टपाल कायद्यांत अशी तरतूद होती कीं, आपण खरोखर आलेल्या मागणीवरूनच माल धाडीत आहों असें पाठविणाऱ्याकडून लिहून घेण्याचा नियम सरकारास करतां यावा. आणि लबाडी झाल्यास वसूल झालेली रक्कम अडवून ती गिऱ्हाइकास परत देण्याचाही. म्हणजे दूरच्या दुकानदाराची लबाडी ही टपालखात्याच्या कायद्यानें मान्य केलेली वस्तुस्थिति होती. 'दुरून डोंगर साजरे' हें तर आपल्याकडे पोस्टाच्याही आधींपासून म्हटलें जात आहे.

हीच अडचण परदेशांतही आली होती. वेल्समधील प्राइस-जोन्स यानें १८६१ च्या सुमारास फ्लॅनेलचें कापड टपालानें विकण्यास आरंभ केला. अमेरिकेंत माँटगोमेरी वॉर्ड यानें १८७२ सालीं शेतकऱ्यांसाठीं किंमतींचें एक पानी पत्रक काढलें. गांवोगांवचे दुकानदार त्याच्यावर तुटून पडले. त्यास वॉर्डनें दिलेलें उत्तर फार महत्त्वाचें आहे: माल पसंत न पडल्यास पैसे परत. नुकसान कोणीं सोसावयाचें, या प्रश्नाचें ओझें त्यानें विकणाऱ्याच्या खांद्यावर घेतलें. आपल्या व्ही. पी. नें हें ओझें कोणाच्याच खांद्यावर ठेवलें नव्हतें. म्हणून तें आपोआप गिऱ्हाइकाच्या खांद्यावर पडे.

मग येथें न पाहिलेल्या मालावर विश्वास बसला कसा? बसला तो नांवानें. याचें उत्तम उदाहरण या दोन जिल्ह्यांतच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक असतां तेथून सायकली घेऊन बेळगांवास वडील बंधु रामुअण्णा यांच्याकडे पाठवीत, आणि रामुअण्णा त्या विकीत. येथें दूरच्या मालाच्या मागें एक जवळचा माणूस उभा होता. पुढें १९०३ सालीं त्यांनीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां मात्र अनुभव निराळा आला. लोखंडाच्या फाळानें जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर पडून राहिले. गिऱ्हाईक मिळण्यास बराच काळ गेला. नांगराचें चित्र छापून किंवा वर्णन लिहून हें काम होणारें नव्हतें. नांगर शेतांत घालून, माती उलटून, पीक येईपर्यंत वाट पाहून मगच शेतकऱ्याची खात्री पटावयाची.

१९१० सालीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांच्या आश्रयानें कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. आज हें ठिकाण सांगली जिल्ह्यांत आहे. ना पेठ, ना रहदारी. जवळ एक लहानसें स्टेशन, इतकेंच भांडवल. अशा ठिकाणच्या कारखान्यास गिऱ्हाईक चालत येणार नव्हतें. टपाल व रेल्वे हींच त्याची पेठ. १९२० सालीं शंकरराव किर्लोस्कर यांनीं 'किर्लोस्कर खबर' काढली. प्रथम ती कारखान्याची व त्याच्या गिऱ्हाइकांची वार्ता देणारी पत्रिका होती. पुढें तिचेंच 'किर्लोस्कर' मासिक झालें आणि त्याच्या जोडीस १९३० सालीं 'स्त्री' व १९३४ सालीं 'मनोहर' हीं मासिकें आलीं. मराठी मध्यमवर्गाच्या विचारांस वळण लावणाऱ्या या मासिकांचा उगम, दूरच्या गिऱ्हाइकाचा विश्वास संपादण्याच्या व्यापारी गरजेंत आहे, हें वाङ्मयाच्या इतिहासकारांनीं जरा ठळकपणें सांगावयास हवें. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस १९१६ सालीं निघालेला ओगले यांचा कांचकारखाना व त्यांचा 'प्रभाकर' कंदील यांचीही कथा अशीच आहे. कंदिलावर 'प्रभाकर' हें नांव पाहिलें कीं आंतली वात व कांच तपासण्याची गरज उरत नसे. पारखणारे डोळे गिऱ्हाइकाकडून निघून कारखानदाराच्या नांवांत जाऊन बसले. आज ज्याला ब्रँड म्हणतात तो हाच.

कायदाही हळूहळू त्याच दिशेनें सरकला. १९३० च्या मालविक्री कायद्याचें मूळ तत्त्व, गिऱ्हाइकानें आपलें आपण पाहून घ्यावें, असेंच होतें आणि आहे. परंतु वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशीं जुळला पाहिजे, असेंही त्यांतच सांगितलें आहे. तथापि साताऱ्याच्या गृहस्थानें सात रुपयांच्या घड्याळासाठीं दूरच्या दुकानदारावर फिर्याद करावी कशी? कज्जाचा खर्च घड्याळाच्या दसपट. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा येईपर्यंत हें कलम गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें बहुधा पुस्तकांतच राहिलें.

आतां ऑनलाइन खरेदीकडे पाहिलें, तर तिचा बराचसा सांगाडा जुन्या टपालाचाच दिसतो. २००७ सालीं बंगळूरला फ्लिपकार्ट निघाली ती पुस्तकें विकण्यास, आणि पुस्तकेंच कां, याचें कारण वर येऊनच गेलें आहे. २०१० सालीं तिनें दारांत पैसे घेण्याची पद्धत सुरू केली व लोकांनीं ती उचलून धरली. ती पद्धत म्हणजे हुबेहूब व्ही. पी.; फक्त पोस्टमनच्या जागीं कंपनीचा मुलगा आला. तो मुलगा ज्या आंकड्यावरून गांव हुडकतो तो पिन कोडही टपालखात्याचाच. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ मराठी अधिकाऱ्यानें योजलेली ही सहा आंकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजीं अमलांत आली. साताऱ्यास ४१५००१ आणि सांगलीस ४१६४१६ मिळाला. नवी गोष्ट खरी एकच आहे: माल परत करण्याची मुभा. व्ही. पी. ला जें कधीं जमलें नाहीं तें या कंपन्यांनीं केलें, आणि २०१९ चा ग्राहक कायदा व २०२० चे ई-कॉमर्स नियम यांनीं त्यास कायद्याचा आधार दिला. परत करण्याच्या अटी, पैसे परत मिळण्याची रीत आणि तक्रार ऐकणारा अधिकारी हें सर्व विकणाऱ्यानें आधीं जाहीर केलें पाहिजे, असें हे नियम सांगतात. माल वाईट निघण्याचें भय गिऱ्हाइकाच्या मनांतून गेलें, तें यामुळें. मोबाईलच्या जादूचें श्रेय त्यांत थोडेंच.

या बदलांत खण आळीचें आणि गणपति पेठेचें जें नुकसान झालें तें खोटें नाहीं. दुकानदारास भाडें, वीज, नोकर आणि पडून राहिलेला माल यांचा भार असतो. दूरची कंपनी हा भार हजारों गांवांवर वांटते. त्यांतून कित्येक गिऱ्हाइकें दुकानीं येऊन माप घेतात, रंग पाहतात, भाव विचारतात, आणि बाहेर पडून मोबाईलवर तोच माल मागवितात. पारख पेठेंत व पैसा परगांवीं, ही वांटणी दुकानदारास अन्यायाची वाटली तर त्यांत नवल नाहीं, आणि ती अन्यायाची आहेही. उलट पेठेच्या बाजूनें बोलणाऱ्यांनीं हेंही मानलें पाहिजे कीं, विकलेला माल परत न घेण्याची पाटी वर्षानुवर्षें दुकानांतच टांगलेली होती.

तरी संकटाच्या वेळीं काय घडलें तें विसरतां येत नाहीं. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेचें पाणी सांगलीच्या हरभट रोडवर, मारुति चौकांत व गणपति पेठेंत शिरलें, तेव्हां दुकानेंही बुडालीं आणि पार्सलेंही थांबलीं. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी आली. सांगली जिल्ह्यांत इस्लामपुरास रोगी सांपडल्यामुळें तें गांव तर प्रथमच कडेकोट बंद झालें. त्या दिवसांत दूरच्या कंपन्यांचे हात नियमांनीं बांधलेले होते. वाणसामानाची यादी मोबाईलवर मागवून घेऊन दारांत पिशवी ठेवून जाणारा तो आळींतला वाणीच होता, आणि पैसे मागाहून दिले तरी चालत. पेठेनें पार्सलाची रीत उचलली ती अशी, आपल्या वहीसह.

या सर्व हिशेबांत न बसणारा एक धंदा मात्र मिरजेस आहे, आणि तो सांगितल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. तंबोरे व सतारी करणाऱ्या मिरजेच्या कारागिरांचें मूळ शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब यांच्यासारख्या कारागिरांनीं ही वाद्यें घडविण्यास आरंभ केला. पुढें अब्दुल करीम खांसाहेब मिरजेस राहूं लागले, तेव्हां या कलेस जाणत्या कानांची जोड मिळाली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे येथें येतात. ते वाळवावयाचे, कापावयाचे, लांकडाच्या दांडीस जोडावयाचे आणि शेवटीं जवारी लावावयाची. घोडीच्या माथ्यावरून तारेस जो गुंजणारा नाद येतो तो या जवारीनें, आणि ती कानानेंच लावावी लागते. कोणतेही दोन भोपळे सारखे नसतात, म्हणून कोणतेही दोन तंबोरेही सारखे नसतात. म्हणजे वरच्या नियमाप्रमाणें ही वस्तु पत्रानें मागविण्यास सर्वस्वीं अयोग्य. असें असूनही देशाच्या दूरदूरच्या गांवांहून गवयांचीं पत्रें मिरजेस येत राहिलीं. पुरुषाच्या आवाजासाठीं कीं स्त्रीच्या, काळी एकचा सूर कीं काळी चारचा, एवढें कळविलें कीं कारागीर त्या गळ्यास शोभेल असा भोपळा निवडी आणि लांकडी पेटींत वाद्य नीट बसवून रेल्वेनें रवाना करी. येथें विश्वास कारखान्याच्या नांवावर नव्हता, कायद्यावरही नव्हता. न पाहिलेल्या गायकासाठीं न भेटलेला कारागीर ऐकून घेत असे.

२०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. पेट्या अजून जातात. रेल्वेनें, मोटारीनें आणि परदेशीं विमानानेंही. प्रवासांत व हवापालटानें जवारी उतरते. ती पुन्हां लावून घेण्यासाठीं कोणी वाद्य घेऊन मिरजेस येतात. कधीं कारागीरच आपलीं लहान हत्यारें घेऊन पुण्यामुंबईस जातात आणि गायक समोर बसवून, तार छेडून, घोडी घांसून, पुन्हां छेडून, दोघांच्या कानांस पटेल तेव्हांच थांबतात.